आजीचा खून कोणी केला?

गेल्या गणपतीत आम्ही आजीचा खून केला.

घाबरू नका, आजी ठणठणीत आहे. आज सकाळीच तिचा फोन येऊन गेला. ‘परीक्षा कधी आहे, जेवतेस का नीट’ हे नेहमीचे दोन प्रश्न, आणि तिसरा नवा : ‘दिवाळीत कोणाला मारायचंय?’ शेजारी बसलेल्या रूममेटनं स्पीकरवर हे ऐकलं आणि तिच्या हातातला चहा सांडला.

तर सांगायची गोष्ट अशी, की घरी बसून, घरच्यांबरोबर ‘मर्डर मिस्टरी’ खेळणं हा प्रकार आपण समजतो तितका फालतू नाही. मी तर म्हणेन, वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरात एक खून व्हायलाच हवा. खोटाखोटा. का, ते सांगते. आणि त्यात मी केलेली एक मोठी चूकही सांगते, कारण ती तुम्ही करू नये.

सुरुवात कशी झाली

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. कौलारू घर, मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी, तीही पाऊस नसेल तर. गणपतीला सगळे जमतात. आम्ही डोंबिवलीहून, आत्या पुण्याहून. काका-काकू आणि आजी तिथेच असतात. पाच दिवस आरत्या, भजनं, फुगड्या, पत्त्यांचे डाव. पण विसर्जन झालं की त्या रात्री घर एकदम ओकंबोकं होतं. मखर रिकामं. बोलायला विषय नाही. मग प्रत्येक जण आपापला मोबाइल घेऊन कोपऱ्यात, रेंज नसतानाही! गॅलरीतले जुने फोटो बघत बसायचं, पण समोरच्या माणसाकडे बघायचं नाही.

कॉलेजमध्ये आमच्या ग्रुपनं एकदा मर्डर मिस्टरीचा बॉक्स आणून खेळला होता. मला वाटलं, हेच घरी करू. मी उत्साहात आजीला विचारलं. आजी म्हणाली, “गणपती घरात आहे तोवर खुनाबिनाचं नावसुद्धा काढायचं नाही.” म्हटलं, बरं. विसर्जन झाल्यावर? आजीनं जरा विचार केला. “झाल्यावर बघू.”

पुढचा प्रॉब्लेम : मरायचं कोणी? सणासुदीचे दिवस, कोणाचंच नाव घ्यायला कोणी तयार होईना. तेवढ्यात आजीच म्हणाली, “मी मरते. माझं काय आता.” आई दचकली. “अहो आई, काय बोलता!” तर आजी म्हणाली, “अगं, खोटं खोटं मरायचंय ना? आणि मेल्यावर काम नाही सांगणार ना कोणी?”

इथे एक गुपित सांगते. आजीनं लग्नाआधी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा उशीखाली लपवून वाचल्या होत्या. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस, त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, हे सगळं तिला पाठ. साठ वर्षं घरात कोणाला हे माहीतच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. आपण समजतो की खून, डिटेक्टिव्ह, ट्विस्ट हे आपल्या वेब सिरीजच्या पिढीचं आहे. आजी आपल्या दोन पिढ्या पुढे होती.

बॉम्ब पडत असताना

हा खेळ आला कुठून, ते जरा बघू. घरात बसून खुनी शोधायच्या खेळांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध ‘क्लूडो’. तो शोधून काढणारा अँथनी प्रॅट हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. तो पियानोवादक होता आणि हॉटेलांमध्ये वाजवायचा. तिथे येणारे पाहुणे संध्याकाळी खून-खून खेळायचे, कोणीतरी किंकाळी फोडून कोसळायचं, बाकीचे शोध घ्यायचे, हे त्यानं पाहिलं होतं. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. रात्री ब्लॅकआउट, वरून बॉम्बहल्ले, लोकांचं एकमेकांकडे जाणं-येणं बंद. घरात अडकलेल्या लोकांसाठी प्रॅटनं तोच खेळ टेबलावर आणला. पटाचं डिझाइन त्याच्या बायकोनं, एल्वानं केलं. १९४४ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, पण युद्धानंतरच्या टंचाईमुळे खेळ बाजारात यायला १९४९ उजाडलं.

सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या. म्हणजे खून होण्याच्या ३२४ वेगवेगळ्या शक्यता. साधा गुणाकार, पण घरातली माणसं तासभर डोकं खाजवत बसतात.

१९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदॉफनं ‘माफिया’ काढला. पट नाही, फासे नाहीत. फक्त माणसं, रात्र आणि संशय. आपल्यातले काही जण गुपचूप खुनी, बाकीच्यांनी बोलून बोलून ओळखायचं. पुढे त्याचंच लांडग्यांचं रूप म्हणजे ‘वेअरवुल्फ’. आणि लॉकडाउनमध्ये आपण सगळे रात्र रात्र ‘अमंग अस’ खेळलो, ते याच घराण्यातलं. तो गेम २०१८ मध्येच आला होता. पण जग त्याच्यामागे वेडं झालं ते २०२० मध्ये, सगळे घरात अडकल्यावर. म्हणजे बघा, बाहेर जग धोक्याचं झालं, माणसं घरात कोंडली गेली, की हा खेळ वर येतो. बहुतेक खऱ्या भीतीवर खोट्या भीतीचा उतारा लागत असावा.

आणि हे सगळं इम्पोर्टेड आहे असं म्हणणाऱ्यांसाठी : राजा-राणी-चोर-शिपाई आठवतो का? चार चिठ्ठ्या, हवेत उधळायच्या, प्रत्येकानं एक उचलायची. आणि चेहरा कोरा ठेवून शिपायासमोर बसायचं. चोर कोण, हे फक्त डोळ्यांवरून ओळखायचं. ‘माफिया’चं सगळं तत्त्व या चार चिठ्ठ्यांत आहे. वहीचं एक पान फाडलं की झालं. आपण हा खेळ सातवीनंतर का सोडला, हाच खरा रहस्याचा विषय आहे.

मुसळ आणि काकू

तर खेळ. मी तो स्वतःच लिहिला होता. क्लूडोच्या बंगल्यात लायब्ररी, बिलियर्ड रूम, बॉलरूम वगैरे असतात. आमच्या घरात मी मोजल्या तर नऊच जागा निघाल्या : ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, न्हाणीघर, माळा आणि खळं. हत्यारं सहा : विळी, कोयता, मुसळ, वरवंटा, दोरखंड आणि पितळी समई. घर आपलं, वस्तू रोजच्या. मजा अशी, की रोज ज्या वरवंट्याला पाय लागून आपण कळवळतो, त्याच्याकडे त्या रात्री सगळे संशयानं बघत होते.

गोष्ट अशी : गावातल्या श्रीमंत खोतीणबाई, म्हणजे आजी, माजघरात मृतावस्थेत सापडतात. रात्री साडेनऊला लाइट गेले, दहाला आले, तेवढ्यात काम तमाम. संशयित सहा : थोरला मुलगा, धाकटा मुलगा, वैद्यबुवा, पोस्टमास्तर, शेजारीण आणि मुंबईचा पाहुणा. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या. आजी माजघरात चटईवर आडवी झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत खरंच घोरायला लागली. मयत घोरतंय म्हटल्यावर आतेभावाला हसू आवरेना.

खेळ सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला काकू उठली. चहा टाकायला.

इथे मी पहिल्यांदा आवाज चढवला. “काकू, तू संशयित आहेस, तुला घटनास्थळ सोडता येणार नाही!” सगळे हसले, पण मला ते अगदी सीरियसली म्हणायचं होतं. आपल्या घरातले सगळे खेळ, पत्ते असोत की अंताक्षरी, दोन बायका उठबस करत असतात म्हणून चालतात. त्या खेळत नसतात. चालता चालता एखादा पत्ता टाकून जातात. मर्डर मिस्टरीत हे चालत नाही. एक माणूस उठला की साखळीच तुटते, कारण त्याच्याकडची माहिती दुसऱ्या कोणाकडेच नसते. शेवटी काका आणि आतेभाऊ चहा करून घेऊन आले. चहात साखर जास्त आणि आलं नव्हतंच. कोणी तक्रार केली नाही.

आणि केस सोडवली कोणी? काकूनं.

मी उत्तर लिहिलं होतं ते छत्रीवरून. जो म्हणतो मी भर पावसातून आत्ताच आलो, त्याची छत्री कोरडी असते, म्हणून तो खोटारडा. मला वाटलं होतं, लई भारी क्लू आहे. काकूनं छत्रीकडे बघितलंही नाही. दुसऱ्या फेरीत चिठ्ठी निघाली : ‘मुसळ उखळाजवळ नाही, न्हाणीघरात आहे, धुतलेलं आहे.’ काकू लगेच म्हणाली, “मुसळ कधी कोणी पाण्यानं धुतं का? तेही पावसाळ्यात? लाकूड आहे ते. भिजलं की वाळता वाळत नाही, बुरशी धरतं. फडक्यानं पुसून ठेवतात. ज्यानं धुतलं, त्यानं आयुष्यात स्वयंपाकघरात काम केलेलं नाही. हा मुंबईचा पाहुणा!”

मी ही चिठ्ठी नुसती जागा सांगण्यासाठी लिहिली होती. मुसळ धुवायचं नसतं, हे मलाच माहीत नव्हतं. लेखिकेपेक्षा डिटेक्टिव्ह हुशार निघाली. घरात वीस वर्षं जे ज्ञान कोणी ज्ञान म्हणून मोजलं नव्हतं, ते त्या रात्री पुरावा ठरलं. काकूच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ना, ते मी याआधी पाहिलं नव्हतं.

मुंबईचा पाहुणा होती माझी आई. तासभर ती शांतपणे, डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलत होती. “मी तर दहा वाजता आले, विचारा पोस्टमास्तरांना.” आम्ही सगळे फसलो होतो. आधी मी टाळ्या वाजवल्या. रात्री पडल्या पडल्या मात्र वेगळाच विचार आला. ही इतकं सहज खोटं बोलू शकते? मग ‘मला भूक नाही, तुम्ही घ्या’, ‘मी मुळीच दमले नाही’, ‘मला कुठे यायचंय फिरायला’ ही सगळी विधानं आपण कधी तपासून पाहिली का? घरात एवढे पुरावे पडलेले असतात. आपण उलटतपासणीच घेत नाही.

माझी चूक

आता ते मघाशी म्हटलं ते.

खुनाला कारण लागतं. मला वाटलं, सगळ्यांना पटकन कळेल असं कारण घालू. म्हणून मी लिहिलं : घराचं मृत्युपत्र. थोरला मुलगा गावात राहून घर सांभाळतो, धाकटा शहरात गेला, त्याला घर विकायचंय. दोघांचं भांडण. दोघेही खुनी नाहीत, नुसती दिशाभूल करण्यासाठी ठेवलेले. मी खूश. मस्त प्लॉट.

आमच्या घरात काका थोरले. गावात राहतात. माझे बाबा धाकटे, डोंबिवलीत. गेली तीन वर्षं कौलं बदलायची आहेत, पैसे कोणी किती घालायचे यावरून दोघांमध्ये काहीतरी अडलंय. मोठ्यानं भांडण नाही. फक्त फोन कमी झालेत. हे मला माहीत होतं. आणि तरीही मी ते लिहिलं, कारण लिहिताना मला ते ‘प्लॉट’ वाटत होतं. बाबा आणि काका वाटत नव्हते.

चिठ्ठ्या टाकल्या. योगायोग असा की उलट्या पडल्या. बाबांना थोरला मुलगा आला, काकांना धाकटा.

पहिली फेरी हसत-खेळत गेली. दुसऱ्या फेरीत बाबांना, म्हणजे थोरल्याला, आपली बाजू मांडायची होती. बाबा सुरुवातीला नाटकी आवाजात बोलत होते. “मी इथे राहिलो. दर वर्षी पावसाआधी छपरावर मी चढलो. आईचं दुखणंखुपणं मी काढलं. हा काय, गणपतीला येतो, पाच दिवस राहतो, आणि...” आणि ते थांबले. आवाजातलं नाटक कधी संपलं ते कळलं नाही. काका मान खाली घालून ऐकत होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते हळू म्हणाले, “मी काय हौसेनं गेलो का? इथे काय होतं मला? तिकडे दहा बाय दहाच्या खोलीत संसार काढला. दर सुट्टीला यायचं तर रजा मिळत नाही. आलो की पाहुणा, गेलो की परका.”

कोणीच काही बोललं नाही. बाहेर पाऊस चालू होता तेवढाच आवाज. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

शेवटी माजघरातून आवाज आला. “मेलेल्या बाईला कोणी विचारणार आहे का, तिला घराचं काय करायचं होतं ते?” आजी जागी होती. किती वेळ जागी होती, देव जाणे.

हे सांगून मी तुम्हाला गोड शेवट देणार नाही. त्या रात्री कौलांचा प्रश्न सुटला नाही. काकांनी आणि बाबांनी मिठ्या मारल्या नाहीत. पुढच्या फेरीत दोघंही पुन्हा हसून खेळले. दुसऱ्या दिवशी निघताना मात्र बाबा शिडी लावून वर चढले आणि कुठे कुठे गळतंय ते काकांना विचारत बसले. आमची गाडी चुकता चुकता राहिली. एवढंच.

पण मी आजही सांगते, ती माझी चूकच होती. नशीब म्हणून चिठ्ठ्या उलट्या पडल्या. सुलट्या पडल्या असत्या, तर त्याच दोन माणसांनी आपापलीच बाजू आणखी मोठ्यानं मांडली असती, आणि पुढच्या गणपतीला आम्ही कदाचित एका घरात नसतो.

खेळ आणि शिकार

हा धोका आपल्याकडे एका माणसानं फार आधी दाखवून ठेवलाय. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात काय आहे? एका गावात प्रयोगासाठी आलेली हौशी नाटक मंडळी वेळ घालवायला खोटा खटला भरतात. बेणारेबाईंना आरोपी करतात. गंमत, गंमत म्हणता म्हणता त्यांचं खरं आयुष्य पिंजऱ्यात ओढलं जातं. खेळाच्या आडून सगळे मिळून एका बाईची शिकार करतात. एकांकिकांच्या स्पर्धेत असाल तर तुम्हाला हे नाटक माहीत असेलच. नसेल तर जरूर वाचा, आणि मग मर्डर मिस्टरी लिहायला बसा.

माझ्या मते फरक एवढाच आहे. प्रश्न चिठ्ठीला विचारला, तर तो खेळ. माणसाला विचारला, तर ती शिकार. ‘पोस्टमास्तर, तुम्ही रात्री कुठे होता?’ हा प्रश्न कोणालाही विचारता येतो. ‘दादा, तू त्या रात्री खरंच लायब्ररीत होतास का?’ हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा नसतो.

आता काही जण म्हणतील, खून हा काय खेळायचा विषय आहे? माझी आत्यासुद्धा म्हणाली होती. प्रश्न बरोबर आहे. पण मला त्यांना एक उलटा प्रश्न विचारायचाय. आपण रात्री जेवताना मोबाइलवर काय बघतो? खऱ्या खुनांच्या बातम्यांचे रील्स. पार्श्वसंगीत लावलेले, ‘पार्ट टू’साठी थांबवलेले. त्यातली मुलगी खरी असते. तिची आई खरी असते, ती कुठेतरी ते बघत असते. आपण पोळीचा घास तोंडात घालत ‘मला वाटतं नवऱ्यानंच केलंय’ असं म्हणतो. तेव्हा कोणाला काही खटकत नाही. खोतीणबाई मेल्या तर कोणाचं काही जात नाही. खेळ संपला की त्या उठून ताक मागतात. मला विचाराल तर खरा खून मनोरंजन म्हणून बघण्यापेक्षा खोटा खून मनापासून खेळणं जास्त माणुसकीचं आहे.

दुसरा आक्षेप : ‘हे शहरी, पैसेवाल्यांचं फॅड आहे.’ रेडीमेड बॉक्स महाग असतात, मान्य. शिवाय तो बॉक्स एकदा खेळला की संपला, कारण खुनी कोण ते कळलेलं असतं. पण मला खर्च आला तो एका वहीचा आणि पेनाचा. बाकी घर होतंच. माणसंही होतीच.

तिसरा : ‘आमचे घरचे असलं काही खेळणार नाहीत.’ १९९८ पासून सोनीवर ‘सीआयडी’ बघितलेली माणसं आहेत ही! एसीपी प्रद्युम्न हात फिरवून संशय व्यक्त करायचे तेव्हा शेजारी बसून ‘नोकरच खुनी’ असं कोण ओरडायचं? त्यांना फक्त कोणी बोलावलेलं नसतं. एकदा बोलावून बघा.

तुम्हीही करा, पण असं करा

खुनी आधी ठरवा. कोणी, कशानं, कुठे, का, हे चारही ठरल्यावरच बाकीचं लिहा. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये मधूनच सुरुवात केली आणि माझाच खुनी एका वेळी दोन खोल्यांत होता.

माणसं सहा ते दहा. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तीनच गोष्टी : तू कोण, तुला काय माहीत आहे, आणि तू काय लपवतोयस. प्रत्येकाकडे एक छोटं गुपित हवंच, नाहीतर फक्त खुनीच घाबरलेला दिसतो. नियम असा ठेवा, की खोटं फक्त खुनी बोलू शकतो. बाकीचे उत्तर टाळू शकतात, पण खोटं बोलू शकत नाहीत.

फेऱ्या तीन पुरे. प्रत्येक फेरीत दोन नवे पुरावे. पहिल्या फेरीत ओळख, दुसऱ्या फेरीत गोंधळ, तिसऱ्या फेरीत आरोप. दीड तासापेक्षा लांबवू नका, नाहीतर मयत घोरतं.

फसवू नका. इंग्लंडमधले रहस्यकथाकार आणि धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले होते. त्यांचं सार एवढंच, की शोधणाऱ्याला जे सापडतं ते वाचकापासून लपवायचं नाही. खेळातही तेच. शेवटी अचानक ‘जुळा भाऊ होता’ असं काढलंत तर घरचे पुन्हा खेळणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

घरातलं खरं दुखणं प्लॉटमध्ये घालू नका. जमीन, लग्न न होणं, मार्क, नोकरी जाणं, आजारपण, कोणाचं पिणं. हे विषय घरात असतील तर गोष्टीत नकोत. मोत्यांची नथ चोरीला जाऊ दे, जुनं पत्र सापडू दे, खजिन्याचा नकाशा असू दे. खोटं कारण जितकं खोटं, तितकी खरी माणसं मोकळी होतात.

भूमिका उलट्या वाटा. जो घरात जास्त बोलतो त्याला मुका नोकर करा. जिला कोणी विचारत नाही तिला इन्स्पेक्टर करा. लहान भावाला न्यायाधीश करा आणि बाबांना त्याच्यासमोर उभं करा. आपल्याकडे मोठ्यांना ‘तुम्ही कुठे होता?’ असं विचारायची पद्धत नाही. खेळात ती सूट मिळते, एका रात्रीपुरती. ती वाया घालवू नका.

आणि चहा खेळाच्या आधी करून थर्मासमध्ये भरून ठेवा. तोही तुम्ही करा. आलं विसरू नका.

आपण हॉस्टेलवर, पीजीत राहणारी मुलं घरी जातो तेव्हा घरच्यांशी काय बोलायचं हेच कळत नाही. ‘कसा चाललाय अभ्यास’, ‘ठीक’, ‘जेवण कसं आहे मेसचं’, ‘ठीक’. दोन वाक्यांत संवाद संपतो आणि आपण म्हणतो, घरच्यांना आपलं काही कळत नाही. पण आपल्याला तरी त्यांचं काय कळतं? माझ्या आजीला रहस्यकथा आवडतात, काकू माझ्यापेक्षा तल्लख आहे आणि आई कसलेली खोटारडी आहे, हे कळायला मला एकवीस वर्षं आणि एक खून लागला.

दिवाळीसाठी मी नवी गोष्ट लिहायला घेतलीय. यात घर नाही, मृत्युपत्र नाही. एक सर्कस आहे आणि एक हरवलेला पोपट. काल आजीला फोनवर थोडी गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चांगली आहे. पण एक सांगून ठेवते, या वेळी मी मरणार नाही.”

“मग?”

“या वेळी खून मी करणार.”